मधल्या मजल्यावरची खोली

"थांबा वहिनी, दोर बांधू द्या. मंग चहा."

शेजारचे भाऊजी फोनवरून नजर न काढता हात असा वर करायचे, की माझी कपबशी हवेतच थांबायची. फोनमध्ये कुठल्या तरी परक्या बंदरातला कॅमेरा चालू असायचा अन् बारा मजल्यांची पांढरीशुभ्र बोट धक्क्याला लागत असायची.

इथल्याच लोहाऱ्याच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर हजेरीपट भरले. समुद्र पाहिलेला नव्हता. पण त्यांना समुद्र नकोच होता बघा.

"भर पाण्यात काय पाहाचं? बाजूले बस उभी राह्यली, का मंग कळते ते केवढी हाये. अन् ते बाई पाहा, उतरली तरी वळून वळून पाहून राह्यली. आपण यातून आलो, हे तिलेच खरं वाटत नाही."

मीही पाहायची. तुम्हीही पाहिलं असतं. एवढं मोठं धूड, मुंगीच्या पावलानं येऊन टेकायचं, अन् आपण यवतमाळात श्वास रोखून बसायचं!

एका दुपारी पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. मुंबईहून निघणाऱ्या बोटीची तिकिटं काढतोय, कोणती खोली बरी? भाऊजींनी तासभर समजावलं. "मधला मजला घेजो. अन् धक्का दिसन अशी बाजू." फोन ठेवला अन् कुंपणावरूनच ओरडले, "वहिनी, बाबू मले बोटीवर नेऊन राह्यला!"

आम्ही काय कमी? गल्लीतल्या बायांनी त्यांना ओवाळलं, समुद्राला वाहायला नारळ दिला. नवे बूट चावू नयेत म्हणून ते अंगणात फेऱ्या मारायचे.

निघायचं कधी, ते विचारायला शेवटी त्यांनीच फोन लावला. मी समोरच बसले होते, फोन स्पीकरवर होता.

"अहो बाबा, ती तिकिटं हिच्या आईबाबांची. तुम्हाला बीपी आहे, झेपणार नाही."

"हो, हो. बरोबर हाये," भाऊजी म्हणाले. "त्यायले मधलाच मजला देजो."

नारळ माझ्या ओट्यावर आणून ठेवला. "चटणी करा." माझ्यानं फोडवला नाही.

पुढं ते फोनवर नुसत्या बातम्या पाहायचे. एकदा मुद्दाम विचारलं, "आज कोणती आली?"

"साऱ्या एकसारख्याच असतात वहिनी."

दिवाळीनंतर ते गेले. तेरवीला मी वाढत होते. मुलगा शेवटच्या पंगतीत बसला होता.

"काकू, बाबांनी सांगितलेली खोली एकदम मस्त निघाली हं. सासरे अजून नाव काढतात."

त्याच्यासाठी उचललेली पुरी मी परातीत परत टाकली अन् पुढच्या पानावर गेले.