साखरपाण्याचा गिलास

"खुर्चीवर बसू नकोस. भुसा सांडेल."

डॉक्टर मान वर न करता बोलला. मी आरामशीनवर लाकूड कापणारा माणूस. कपडे झाडूनच गेलो होतो, पण भुसा शिवणीत राहतोच. धरमपेठेतला दवाखाना. मी उभा राहिलो. बायकोही उभी. तिला साखरेची बिमारी निघून दोन महिने झाले होते.

तिनं मला कोपरानं ढोसलं. मग मी विचारलं, "साहेब, उद्या हरतालिका हाये. हिचा निर्जळी उपास. गोळी द्याची का नाही?"

"गोळी रोज म्हणजे रोज. साखर बंद म्हणजे बंद. तुमच्या उपासांचं पंचांग मी बघत बसू?"

"पन साहेब, या बिमारीत व्हते काय, थोडं समजवून..."

"मॅट्रिक झालास? नाही ना? मग समजून काय करणार? चल, पुढचा पेशंट."

दाराबाहेरच्या बाकावरचे लोक हसले. मीही हसलो. आपल्याच फजितीवर. ते हसणं अजून तोंडात कडू आहे.

बाहेर आल्यावर तिनं पदरानं माझी पाठ झाडली. "तुमचा भुसा त्याले चावते काय?" म्हणाली आणि भर रस्त्यात हसत सुटली. बर्डीपर्यंत आम्ही पायी आलो. सोबत चाललो ते तेवढंच शेवटचं.

हरतालिकेला तिनं गोळी घेतली. घोटभर पाण्यासोबत. दवाईनं उपास मोडत नाही म्हणाली. दुसरं काही पोटात नाही.

दुपारी तिला घाम फुटला. लुगडं भिजलं. हात थरथरायला लागले. मला म्हणते, "तुमी कोन?" मला!

शेजारची कांताबाई साखरपाण्याचा गिलास घेऊन धावली. "पाजा भाऊ, उपासानं चक्कर येऊन राहिली तिले."

माझ्या हातात तिची थरथर. कानात डॉक्टरचा हुकूम. मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. गोळी रोज. साखर बंद. तिसरी कोणी सांगितलीच नव्हती.

मी गिलास हिसकावला. "साखरेचीच बिमारी हाये तिले! मारता काय?"

पाणी भुईवर सांडलं. त्याला मुंग्या लागल्या.

सायकलरिक्षानं सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा तिची शुद्ध गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईनं सगळं विचारलं, शिरेतून साखर सोडली. उशीर झाला होता. दिवस मावळताना ती गेली.

बाईनं मला बाकावर बसवलं. स्वतः शेजारी बसली. "काका, ती गोळी रक्तातली साखर उतरवते. पोट रिकामं असलं की फारच उतरते. घाम, थरथर, माणूस न ओळखणं, ही त्याची खूण. तेव्हा लगेच साखर द्यायची असते."

दोन मिनिटं लागली तिला. मला सगळं समजलं. मी चौथी पास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला अग्नी दिला. लोक घरी वळले. मी घाटावरच्या ओल्या धोतरानं धरमपेठ गाठली. सरळ आत गेलो. त्याच खुर्चीवर बसलो.

"ऊठ! खुर्ची भिजते आहे."

"भिजू द्या."

त्याला मी काही विचारलं नाही. दाराबाहेरच्या बाकाकडे तोंड केलं. "साखरेची गोळी कोन कोन घेते? हात वर करा."

चार हात वर झाले. कंपाउंडर माझा दंड ओढत होता. मी खुर्ची सोडली नाही. उपाशीपोटी ती गोळी काय करते, ते सांगितलं. खूण सांगितली. साखर द्या म्हटलं. एका म्हातारीला समजलं नाही. तिला पुन्हा सांगितलं.

मग डॉक्टरकडे वळलो.

"उद्या येतो. परवा येतो. तुमी सांगत नाही तवरीक मी सांगीन. इथंच बसून."