महालक्ष्म्यांच्या आधीचा एक दिवस

फोन वाजला तेव्हा मी जयपूरच्या मानसरोवर भागातल्या आमच्या घरात इस्त्री करत होते. पडद्यावर मोठ्या भाऊजींचं नाव पाहिलं आणि मनात आलं, हे कसे काय? माझे थोरले दीर स्वतःहून कधी फोन करत नाहीत. जाऊबाईंनी, म्हणजे सुलभाताईंनी, फोन लावायचा, सगळं बोलून घ्यायचं आणि शेवटी "घ्या, दोन शब्द बोला" म्हणून त्यांच्या हातात द्यायचा, ही त्यांच्या घरची पद्धत. खरं सांगायचं तर पहिला विचार वाईट बातमीचा आलाच नाही. काहीतरी मागायचं असेल, अकोल्याच्या घराचं काहीतरी काढलं असेल, असं वाटलं. "सुलभा गेली," भाऊजी म्हणाले. "सकाळी उठलीच नाही." त्यावर मी काय बोलावं? काल बरं होतं का, गोळ्या वेळेवर घेत होत्या का, जवळ कोण होतं... एकामागून एक विचारतच सुटले. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चौकशा मग करू. निघा तुम्ही."

चौकशा करण्यात मी पहिल्यापासून पटाईत. सुलभाताईंना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. आज त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे ते त्या किती प्रेमळ होत्या हे सांगायला नाही. फार प्रेमळ नव्हत्याच त्या. तुटक बोलायच्या, हिशेब कुणाला द्यायच्या नाहीत, आणि पोळी करपली तर करपलेलीच वाढायच्या. पण त्यांच्याबद्दल एक गोष्ट मी बोलले होते आणि दुसरी एक बोलायची राहिली. त्यातली दुसरी आता इथे सांगते.

भाऊजी रेल्वेत. आमची विमा कंपनीतली बदली जयपूरला झाली तेव्हा ते दोघं आधीपासूनच इथे होते. खातीपुऱ्यात एक दुमजली घर भाड्यानं घेतलं, वर ते, खाली आम्ही, आणि स्वयंपाक एकाच ठिकाणी. महिन्याच्या सुरुवातीला दोन्ही भाऊ आपापला वाटा ताईंच्या हातात द्यायचे. त्यातून दूध, भाजी, गॅस, कामवाली, मुलांच्या वह्या, आणि वर्षातला एक मोठा खर्च, महालक्ष्म्यांना अकोल्याला जाण्याचा. आमच्याकडे वऱ्हाडात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. तीन दिवसांचा सण, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, आणि जेवायला अख्खी गल्ली. नोकरीसाठी माणूस कुठेही असो, महालक्ष्म्यांना घरी यायचं, हा आमच्या सासूबाईंचा कायदा. तिकिटं, साड्या, घरच्यांसाठी जयपूरच्या रजया, मुलांचे कपडे... हे सगळं दोन पगारांतून उभं करायचं म्हणजे ताईंची कात्री आषाढापासूनच चालायला लागायची. पनीर बंद. रिक्षा बंद, सिटी बसनं जायचं. दूध एका पिशवीनं कमी. माझी इरा तेव्हा लहान होती, ताटात डोकावून विचारायची, "काकू, मतलब आज पण पनीर नाही?" ताई म्हणायच्या, "पनीर महालक्ष्मीनं नेलं. अकोल्याला गेलीस की तिलाच विचार." एकदा पोरीनं खरंच मूर्तीपुढे उभं राहून विचारलं होतं. सगळे हसले. मी नाही हसले.

कारण माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. भाऊजींना रेल्वेचा पास. त्यांचं सगळं कुटुंब पासावर जायचं, तिकिटाला दमडी लागायची नाही. आमचं मात्र पूर्ण भाडं. तरी प्रवासाचे म्हणून जे पैसे बाजूला पडायचे ते दोन्ही वाट्यांतून सारखेच. मग त्यांच्या तिकिटांचे पैसे जातात कुठे? मी अविनाशला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी बघतात ना, मग?" नवऱ्याचं हे 'मग' मला कधी आवडलं नाही. ताई काही लिहून ठेवत नसत. सगळं त्यांच्या डोक्यात. विचारलं तर एकच उत्तर, "बसतं आपलं." माझा त्या शब्दांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. मग मी बघायला लागले. भाजीवाल्या भैयाला खोदून खोदून भाव विचारायचा, ताईंनी किती सांगितला होता ते आठवायचं. त्या माहेरी भावाशी फोनवर बोलायला लागल्या की मी कणीक मळायचं थांबवून ऐकायची.

आणि मग तो दिवस हाती लागला. सण जवळ आला की ताई आठवडाभर आधी एकट्याच निघायच्या, पासावर. सासूबाईंना एकटीला साफसफाई, भाजणं-दळणं झेपत नसे. बाकीचे आम्ही मागून जायचो. जयपूरहून दुपारी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याला पोचते. घरात मोबाइल दोनच, दोन्ही पुरुषांच्या खिशात. एका वर्षी ताई निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अकोल्याला फोन केला. ताई पोचल्या का म्हणून विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती उद्या येणार ना? मले तं तिनं उद्याचंच सांगितलं." मी पटकन म्हणाले, "हो हो, उद्याच. माझंच चुकलं." आणि फोन ठेवला. एवढ्या वर्षांत इतका आनंद मला क्वचित झाला असेल... लाज वाटते लिहायला, पण आनंदच होता तो. पुढच्या वर्षीही तपासलं. पुन्हा तेच. इथून एक दिवस आधी निघायचं आणि तिथे एक दिवसानं पोचायचं. त्यात सासूबाईंनी सहज आणखी एक सांगितलं. "सुलभा गाडीतून येते का परसातून, कळत नाही वो. अशी न्हाऊनमाखून येते!" चोवीस तासांच्या प्रवासातून बाई न्हाऊन कशी येते? कुणाच्या घरी न्हाते?

मी हे भाऊजींना एकट्यात विचारू शकले असते, ताईंना तर रोजच विचारता आलं असतं. तसं केलं नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी पंगती उठल्यावर आम्ही बायका शेवटी जेवायला बसलो होतो, सासूबाई, दोन चुलत सासवा, ताई आणि मी. कुणीतरी म्हणालं, सुलभाचा चेहरा या वयातही कसा टवटवीत दिसतो. मी ताटातली पुरणपोळी मोडत म्हणाले, "दिसणारच की. ताई वाटेत एक रात्र मुक्काम करून येतात. कुठे ते त्यांनाच विचारा." ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "खंडव्याला उतरते," त्या म्हणाल्या. "स्टेशनवर प्रवाशांना खोली मिळते, तिथे राहते." सासूबाईंनी विचारलं, "कोणाबरोबर?" "एकटीच." "काहून?" ताई म्हणाल्या, "झोपायला." चुलत सासूबाई फस्सकन हसल्या. आणि दाराशी हात धुवायला आलेले भाऊजी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, टॉवेल खुंटीला लावला आणि बाहेर गेले.

ताईंनी पहिल्या फटक्यात खरं सांगितलं होतं, आणि तेच कुणाला पटलं नाही. मलाही नाही. झोपायला कुणी खंडव्याला उतरतं?

जयपूरला परतल्यावर त्यांनी घरखर्चाचे उरलेले पैसे माझ्यापुढे ठेवले. "आता तू बघ." भांडण नाही, रडणं नाही. पुढच्या वर्षापासून भाऊजी रजा काढून त्यांच्याबरोबर जायला लागले, थेट अकोल्याला. आणि मी घर चालवायला लागले. पहिल्याच वर्षी प्रवासासाठी बाजूला काढलेला पैसा सणावर दिलदारपणे उधळला. सगळ्यांना चांगल्या साड्या घेतल्या, मुलांना वातानुकूलित डब्यातून नेलं. परत आलो तर महिना अर्धाही सरला नव्हता आणि हातात काही उरलं नव्हतं. कामवालीचा पगार, दूधवाला, इराच्या बसची फी. अविनाशला ऑफिसातून उचल घ्यावी लागली. खिचडी, वरणभात, पुन्हा खिचडी. पासामुळे वाचलेले पैसे ताई कुठे ठेवायच्या ते तेव्हा कळलं. सणानंतरच्या त्या कोरड्या पंधरवड्यासाठी. सण करून दमून आलेल्या घरात दुसऱ्या दिवशीपासून नेहमीसारखी भाजी-पोळी व्हावी म्हणून. त्यातून खंडव्याच्या खोलीचं भाडं गेलं असेल, नाही असं नाही. पण ते किती? खिचडीचं पातेलं घासताना मला सगळा हिशेब लागला, आणि खंडव्याचंही ताई म्हणाल्या तेच खरं हे कळलं. एका वाक्यात मी तो घरात सांगू शकले असते. सांगितला नाही. सांगितला असता तर 'आता तू बघ' हे परत करावं लागलं असतं, आणि मला ते हातातून सोडायचं नव्हतं. वर्षभरात आम्ही मानसरोवरला वेगळं घर घेतलं. भाऊजी निवृत्त झाल्यावर ते दोघं अकोल्याला गेले.

गेल्या दिवाळीत आमची शेवटची भेट झाली. ताई शेंगा निवडत बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, "ताई, खंडव्याला तुम्ही नक्की काय करायच्या हो?" त्या हसल्या. "अजून तपास चालूच आहे का तुझा?" मग शेंगांवरची नजर न काढता म्हणाल्या, "अगं, दार लावायचं, पंखा मोठा करायचा, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि पडायचं. जेवण खाली कुणीतरी वाढणार, आपण बसून खायचं. तिथून पुढे तीन दिवस शंभर माणसं 'सुलभा, सुलभा' करणार. म्हटलं, एक दिवस कुणी हाक मारू नये." मी विचारलं, "एवढंच?" ... तेव्हाही विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला कमी वाटतं का?" माझी माफी ओठांवर आली होती, तेवढ्यात भाऊजी चहा मागत आत आले. ताई उठल्या. माफी राहिली.

यंदा सुतक फिटलेलं होतं, गोडधोड बेताचं करून महालक्ष्म्या बसवायच्या असं सासूबाईंनी ठरवलं. आता आठवडाभर आधी जायची पाळी माझी. अविनाशनं तिकीट काढून दिलं, अकोल्यापर्यंतचं. सकाळी गाडी खंडव्याला थांबली आणि मी पिशवी घेऊन उतरले. ठरवलेलं नव्हतं असं म्हणणार होते, पण ते खोटं होईल. रात्रभर तेच ठरवत आले होते. फलाटावर उभी राहून भाऊजींना फोन लावला. ते दुपारी मला घ्यायला स्टेशनवर येणार होते. म्हटलं, "भाऊजी, मी खंडव्याला उतरले आहे. तुम्हाला काही सांगायचंय. ताई इथे खरंच एकट्या असायच्या. मला हे बरीच वर्षं माहीत आहे..."

ते म्हणाले, "वरच्या मजल्यावरची खोली माग. खाली घोषणांचा फार त्रास होतो."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "तुम्हाला कसं माहीत?"

"रेल्वेत जन्म काढला मी. त्याच महिन्यात विचारून घेतलं होतं. रजिस्टरला दर वर्षी तिचं एकटीचं नाव."

"मग तुम्ही घरात सांगितलं का नाही? वर ताईंबरोबर जायला लागलात..."

"काय सांगू? माझ्या बायकोला माझ्या घरापासून लांब जाऊन झोपावं लागतं, हे?" ते म्हणाले. "त्यापेक्षा लोक म्हणत होते ते परवडत होतं मला." मग पुढे म्हणाले, "ती गाडीत खिडकीशी बसायची. खंडवा आलं की बाहेर बघायची. मी तिला कधी उतर म्हणालो नाही."

मला त्यांचा राग आला. इतक्या वर्षांची संशयाची सवय, ती लगेच नवी जागा शोधते. पण आम्हा दोघांतलं कोण कुणाला बोलणार होतं? "उद्याच्या गाडीनं ये," ते म्हणाले. "आईला मी सांगतो. सगळं सांगतो." त्यांनी ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला पोचले तेव्हा सासूबाई चौरंगापाशी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "तिले विचारलं असतं मी, पुन्हा एकदा."

त्या दिवशी खंडव्याला मला वरच्या मजल्यावरच खोली मिळाली. लोखंडी पलंग, पांढरी चादर, भिंतीला एक आरसा, खिडकीतून रूळ दिसतात. दार लावलं, पंखा मोठा केला, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी पडून राहिले. ताईंना इथे झोप लागायची. मला लागली नाही. बाहेर पावलं वाजली की मी उशीवरून डोकं उचलायची, आता कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारायला येणार म्हणून. पावलं दारावरून पुढे निघून जायची. दिवसभर कुणी आलं नाही.