गाठीचं पथ्य

शकुन अकोल्यात राहते आणि तिची गाठ अमरावतीत दूध पिऊन वाढते, अशी आवई गल्लीत उठली होती. दूध शेजारच्या माणिकबाईंनी पदरचं घातलेलं. बाकीचं मात्र, काय सांगावं, बरंचसं खरंच होतं.

छातीतली गाठ ऑपरेशननं निघाली. तिचा कण डॉक्टर रागिणींनी शकुनला विचारूनच अमरावतीच्या प्रयोगशाळेत नेला. तिथे पेशी वाढवून इवलासा तुकडा तयार केला आणि बोटाएवढ्या पारदर्शक पट्टीत बसवला. पट्टीत केसासारख्या बारीक नळ्या; त्यांतून तुकड्याला आधी पोषण, मग औषध. दोन औषधांतलं शकुनला कोणतं लागू पडेल, याचा अंदाज घ्यायचा.

पहिलं औषध सोमवारपासून तुकड्यावर सोडतोय, असा प्रयोगशाळेतून फोन आला. औषध सुरू झालं म्हणजे पथ्य आलंच. शकुननं आंबट, तेलकट, वांगं सगळं सोडलं. गाठ आपली, तर पथ्य काय शेजारीण पाळणार? दुपारी तिला थोडं मळमळलंसुद्धा. पण बुधवारी माणिकबाईंकडे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं जेवण निघालं. वांग्याच्या भाजीचा वास भिंतीवरून आला आणि शकुनचा निग्रह विरघळला. वर रस्सा मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात कळलं, पहिल्या औषधानं तुकड्याचं काहीच बिघडलं नाही. दुसऱ्यानं तो मेला. पण ते औषध जड, केस जातील. शकुनला बुधवारचा रस्सा आठवला. हे आपल्या जिभेनंच केलं का? माणिकबाई म्हणाल्या, वांग्यानं औषध मरतंच. वाढताना त्यांना हे आठवलं नव्हतं.

शकुन थेट रागिणींच्या समोर जाऊन बसली. वांगं कबूल केलं. पहिलं औषध पुन्हा सोडून पाहा, या खेपेला उपाशी राहते, म्हणाली. रागिणींनी हसू दाबून समजावलं, तुम्ही इथे काय खाता ते तिथल्या तुकड्याला कळत नाही. त्याला ना तोंड ना पोट. दुसरं औषध तिथे चाललं, म्हणून तुमच्या अंगातही चालेल अशी आशा आहे.

शकुननं वांग्याचं ओझं उतरवलं खरं, पण गोंधळ वाढला. रागिणींनी मोबाइलवर दाखवलेला पट्टीचा फोटो तिनं उलटसुलट करून पाहिला.

"डॉक्टरीनबाई, माह्याच आंगातली हाये, अन् म्या खाल्लेलं वांगं तिले समजत नाई. मंग तिले चाललेलं औषध माह्या आंगाले समजन काय?"