काळीज, दिल आणि भेजा

उज्ज्वला मॅडमनी फोनवर बोकडाचं काळीज मागितलं आणि जब्बारभाईंनी ताजी कलेजी बांधून ठेवली. मॅडम वाशिमजवळच्या मालेगावात एका शाळेत विज्ञान शिकवतात. दुकानात येऊन त्यांनी पिशवीत डोकावलं आणि म्हणाल्या, "हे नाही हो. मुलांना हृदय दाखवायचंय."

"मंग दिल म्हना ना, मॅडम. काळीज म्हन्जे कलेजी. धडधड करते ते दिल. तुमी लोक काळीज म्हन्ता अन् हात ठेवता दिलावर."

मॅडमना हसू आलं. "तुम्हीच या ना वर्गात. मला ते नीट कापताही येणार नाही."

जब्बारभाई तेव्हा पन्नाशीला आले होते. आठवीत शाळा सुटली, ती सुटली. मग वडिलांबरोबर दुकानात उभे राहिले. त्यानंतर वर्गात पाऊल टाकलं ते आता, पांढरा सदरा घालून आणि सुरी गरम पाण्यात धुऊन. नववीतली दोन पोरं खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, बाकीची टेबलाभोवती जमली. एका सरळ कापात दिल उघडलं. चार कप्पे, झडपा, जाड भिंत, पातळ भिंत. बोटाने दाखवत, कुठेही न अडखळता त्यांनी सगळं सांगितलं.

शुभांगी नावाची एक मुलगी पुढे वाकून बघत होती. घरचा भाजीपाल्याचा मळा आणि गोठा, त्यामुळे माती-रक्ताचं तिला काही वाटत नव्हतं. तिने विचारलं, "काका, मन याच्या कोन्त्या कप्प्यात राह्यते?"

वर्ग हसला. जब्बारभाई हसले नाहीत. पस्तीस वर्षांत त्यांनी हजारो दिलं उघडली होती आणि हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता.

"मले तर नाई दिसलं आजवर," ते म्हणाले. "इचारून सांगतो."

त्यांनी खरंच विचारायला सुरुवात केली. जुम्म्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, समज, ईमान, शंका, सगळं कल्बमध्ये, म्हणजे दिलात. मग ते नानाजींकडे गेले. नानाजी मराठीचे निवृत्त शिक्षक, माळकरी. जब्बारभाईंच्या दुकानाची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. पण प्रश्न ऐकून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"आमचे जुने ऋषीही हृदयच सांगतात," ते म्हणाले. "आणि आपण रोज काळजी करतो ना, तो शब्द काळजावरूनच आला असावा. म्हणजे जुन्या लोकांचं दुःख तुझ्या कलेजीत राहत होतं."

नानाजींची नजर अधू झाली होती. तेव्हा असं ठरलं, की दुपारी दुकान बंद असताना जब्बारभाईंनी यावं, वाचनालयातून आणलेली पुस्तकं मोठ्याने वाचावीत आणि नानाजींनी अडलेलं समजावून द्यावं. वर्षभर हे चाललं. जब्बारभाईंनी एक वही केली. जुन्या मिसरातले, म्हणजे इजिप्तमधले, लोक मेलेल्या माणसाचा भेजा काढून टाकत आणि दिल मात्र जपून आत ठेवत. ग्रीसमधला एक मोठा तत्त्वज्ञ म्हणे, भेजा फक्त रक्त थंड करतो. त्याच देशातले वैद्य म्हणत, नाही, विचार भेज्यातच होतो. पुढे एका वैद्याने वाटणीच करून टाकली: वासना कलेजीत, हिंमत दिलात, अक्कल भेज्यात. आपल्याकडच्या एका वैद्याने मनाची जागा टाळूच्या वर सांगितली होती.

एके दुपारी वाचता वाचता जब्बारभाई थांबले. पुस्तकात लिहिलं होतं, की दिलाच्या मधल्या भिंतीला बारीक भोकं आहेत आणि रक्त त्यातून पलीकडे जातं, असं विद्वान हजार वर्षं मानत आले. मग पावणेआठशे वर्षांपूर्वी काहिरातल्या, म्हणजे कैरोतल्या, एका हकिमाने लिहिलं, भोकं नाहीतच. रक्त फुप्फुसांतून फिरून येतं.

"नानाजी, हे तर मले कोनी बी इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"तू बघितलंस कधी?"

ते त्यांनी बघितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एका दिलाचा उजवा कप्पा पाण्याने भरला आणि धरून ठेवला. डावीकडे थेंब आला नाही. गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी त्यांनी आणखी दोन दिलांवर तेच केलं आणि नानाजींना फोन लावला. "हकीम सच्चा होता," एवढंच म्हणाले.

त्याच वर्षी त्यांच्या आईला, लतीफाबींना, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाशिमच्या डॉक्टरांनी फोटोत मेंदूच्या डाव्या बाजूचा डाग दाखवला आणि म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. जब्बारभाई आईजवळ बसून राहिले. दिल चालू होतं आणि तिला मुलाचं नाव येत नव्हतं. जे पुस्तकांत भांडणासारखं वाटत होतं ते समोर खाटेवर पडलं होतं. अम्मीने डावा हात उचलून त्यांच्या गालावर ठेवला, तेव्हा ते पहिल्यांदा रडले. तीन महिन्यांनी ती "जब्बा" म्हणाली. पुढचं अक्षर अजूनही आलेलं नाही, पण ती त्यांना हाक मारते.

शुभांगी दहावीत असताना जब्बारभाई पुन्हा त्या वर्गात गेले. तीन ताटल्यांत कलेजी, दिल आणि भेजा ठेवला, आणि कोणत्या मुलखाने कोणत्या काळात मनाला कुठे घर दिलं ते पाऊण तास सांगितलं. वही त्यांनी उघडलीच नाही.

"मंग तुमाले काय वाटते?" शुभांगीने विचारलं.

"भेज्यात. माह्या अम्मीनं दाखवलं मले. पन ती बिमार पडली तवा दुखलं ते इथं," त्यांनी छातीला हात लावला. "डाक्टर म्हन्ते, तिथं दुखायचा हुकूम बी भेजाच देते. मानलं. तरी मन म्हन्जे हा भेजाच, का त्याचं काम, हे अजून शिकले-सवरलेले लोक भांडून राह्यले. तू शिक अन् त्या भांडनात जाय."

शुभांगी बारावीनंतर अकोल्याला गेली. मानसशास्त्र घेतलं आहे.

जब्बारभाईंना आता दुसऱ्या शाळाही बोलावतात. गेल्या महिन्यात ते जऊळक्याला गेले होते. ओळख करून देताना तिथले मुख्याध्यापक जरा घुटमळले आणि म्हणाले, "आजचे मार्गदर्शक..."

"मटनाचं दुकान आहे म्हना, सर," जब्बारभाई म्हणाले.

मग त्यांनी डबा उघडला. त्यात बोकडाचे डोळे होते.

"डोळ्यातून काही भायेर जाते म्हनून दिसते, का भायेरचा उजेड आत येते म्हनून? यावर बी लोक हजार वर्सं भांडले. हात वर करा, कोन कोन्त्या बाजूनं आहे ते पाहू."