मावशींचं मत

मावशी पक्षाच्या कचेरीत झाडलोट करायला लागल्या तेव्हा पक्ष नवा होता आणि त्यांचं वैधव्यही. व्यापारी, वकील, दोन-चार डॉक्टर यांनी मिळून तो काढलेला. राजधानीने आपल्या प्रांतात नाक खुपसू नये, सरकारने दुकानं चालवू नयेत आणि कोणी काय बोलावं-वाचावं हेही ठरवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मावशींना ते पटायचं. त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊबाई रोज नाक खुपसायच्या.

पक्ष वाढला, सत्तेत वाटेकरी झाला, मंत्रिपदांवरून फुटला. उरलासुरला राजधानीतल्या मोठ्या पक्षाने गिळला. पाटी उतरली. मावशींकडची किल्ली कोणी मागितलीच नाही, म्हणून त्या सवयीने दुपारी येऊन झाडत राहिल्या.

एकदा भिंतीशी रचलेल्या खुर्च्या टेबलाभोवती मांडलेल्या दिसल्या. त्यांनी उचलून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुनेने उंदरांवर खापर फोडलं. खुर्च्या मांडणारे उंदीर मावशींनी काही पाहिले नव्हते. त्या लवकर येऊन चहाच्या खोलीत थांबल्या.

स्वतःकडच्या किल्लीने दार उघडून वकीलसाहेब आले. पक्षाचे जुने चिटणीस. विलीनीकरणानंतर घराबाहेर पडत नाहीत, असं मावशींनी ऐकलं होतं. खुर्च्या मांडून ते टेबलाशी उभे राहिले आणि विलीनीकरणाचा ठराव मांडू लागले. मध्येच थांबत, मान डोलवत, मुद्दा नोंदवला म्हणत. मावशींच्या अंगावर काटा आला तो त्या थांबण्याने. साहेब कुठल्या खुर्चीसाठी किती थांबतात, यावरून कोण बोलतंय ते त्यांना कळत होतं. कापडवाले शेठ लांबण लावायचे. डॉक्टर दोन शब्दांत उरकायचे. दोघंही केव्हाच वारलेले.

"मतं समसमान पडली," साहेब म्हणाले, आणि मागे न बघता विचारलं, "मावशी, तुमचं काय मत?"

इतक्या वर्षांत चहा झाला का, याखेरीज तिथे त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्या दारात आल्या. खुर्च्यांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"मोठ्या पक्षात जायला मी हो म्हणणार नाही, साहेब. पण ही माणसं दमलीत. त्यांना घरी जाऊ द्या."

साहेबांनी बराच विचार केला. "विलीनीकरण नामंजूर. पक्ष विसर्जित. सभा संपली."

दोघंही उभेच होते. तरी फरशीवर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, एकीमागून एक. साहेब दाराशी बाजूला झाले, एकेकाला वाट दिल्यासारखे थांबले आणि सगळ्यांत शेवटी बाहेर पडले.

त्याच हिवाळ्यात साहेब गेले. मावशींनी किल्ली घरमालकाला देऊन टाकली. साहेबांना भ्रम झाला होता, असं लोक म्हणतात. मावशी वाद घालत नाहीत. मतदानाला मात्र त्या न चुकता जातात आणि आडोशाआड उभ्या राहून फार वेळ लावतात. केंद्रावरच्या बाईंनी हटकलं, की हळूच सांगतात, "जरा दम धरा. बाकीच्यांचं ऐकून घेतेय."