उजव्या बाजूचा बल्ब

ती घटना आजही आठवते, आणि खरं सांगायचं तर ती आठवायला नको असते. तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. पुढे मुदतीच्या बऱ्याच आधी मी निवृत्ती घेतली. लोक विचारतात, एवढ्या लवकर काहून घेतली? कारणं पुष्कळ आहेत, त्यातलं एक हे.

दिवाळीनंतरचे दिवस. सातलाच अंधार पडलेला. गोरेगाव-सेनगाव रस्त्यावर एक प्रवासी जीप आणि मोटारसायकल समोरासमोर धडकल्या. मोटारसायकलवाला जागीच गेला. गवंडी होता, कामावरून घरी निघालेला. मी बॅटरीच्या उजेडात पंचनामा केला. मोटारसायकल रस्त्याची मधली रेघ ओलांडून हातभर जीपच्या बाजूला आली होती. जीपच्या उजव्या कोपऱ्याला धडक बसली होती. 'उजव्या बाजूचा हेडलाइट फुटलेला' एवढं लिहून मी पुढच्या ओळीला गेलो. काचेच्या आतला बल्ब पाहिला नाही. ही माझी चूक, आणि ती मी आधीच सांगून टाकतो.

जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "दोन्ही लाईट चालू व्हते साहेब. त्योच माझ्या अंगावर आला." प्रवासी म्हणाले, आमी मागं बसलो व्हतो, काय दिसतंय. मयताच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला, असा गुन्हा मयतावरच नोंदवला. मेलेला माणूस जबाब देत नाही, जामीन मागत नाही, तक्रार घेऊन साहेबांकडे जात नाही. अशा केसेस पोलिसांना आवडतात. मलाही आवडली. लागोपाठ दोन बंदोबस्त झाले होते, मला झोप हवी होती.

पाचव्या दिवशी त्याची बायको आली. अंगणवाडीत मदतनीस होती. उभ्यानेच बोलली.

"साहेब, त्यो दारू पीत न्हवता. घाईबी न्हवती त्याला. मग समोर जीप दिसून तिच्या अंगावर काहून जाईल?"

"तपास चालू आहे, बाई," मी म्हणालो. तपास बंद होता.

"शाळेत पोरीला चिडवून राहिले, तुझ्या बापानंच धडक दिली म्हणून. ते कागदावर तुमी लिहिलंय. त्यो कागद बराबर हाय का, एवढंच सांगा."

उद्या गाडीची तपासणी आहे, मग सांगतो, असं म्हणून मी तिला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार वाहन निरीक्षक जीपची तपासणी करायला यायचे होते. ते ठाण्याच्या आवारात उभ्या जप्त जीपपाशी पोचले आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. गोरेगावचा एक गॅरेजवाला मिस्त्री होता.

"साहेब, जप्त गाडीला नवा बल्ब कशाला लागतो?"

"म्हणजे?"

"तुमच्याकडं उभ्या जीपचा डायव्हर काल हेडलाइटचा बल्ब घेऊन गेला. दोन महिने म्या सांगून राहिलो, उजवा उडालाय, बदल बाबा. तवा म्हणे, एका डोळ्यावर चालतंय. आता गाडी ठाण्यात, अन् याला बल्ब पाहिजे. म्हणून इचारलं."

मी आवारात धावलो. निरीक्षक बॅटरीच्या वायरी हातात घेऊन वाकले होते. काच चक्काचूर, पण आतला बल्ब शाबूत. तो पेटला असता तर 'हेडलाइट चालू स्थितीत' असं ते लिहिणार होते. मी म्हणालो, पेटवू नका. ते वैतागले, म्हणाले मला अजून दोन गाड्या आहेत. मी चहा मागवला. तासाभरात मिस्त्री येऊन पोचला.

मिस्त्रीने पंचांसमोर वर्तमानपत्राच्या तुकड्यात धरून बल्ब काढला आणि उन्हात तिरपा केला. "आमी या काचेला बोट लावत न्हाई, साहेब. बोटाचं तेल लागलं अन् बल्ब पेटला, की त्यो डाग भाजून काळा पडतो, बल्ब लवकर उडतो. हे पाहा, बोटं उठून दिसून राहिलीत, अन् डाग कोरा. ह्यो एकदाबी पेटला न्हाई." मग म्हणाला, "म्या कागदात गुंडाळून दिला व्हता. हात लावू नको असंबी सांगितलं. पण दोन महिन्यांत ज्याला बल्ब बदलायची तकलीफ घेता आली न्हाई, त्यो कागद कुठं धरतो?"

दुपारी ड्रायव्हरला बोलावलं. पहिला प्रश्न एवढाच: "जीप ठाण्यात आल्यापासून तू तिला हात लावलास?"

"न्हाई साहेब. दुरूनबी पाहिली न्हाई."

ते लिहून घेतलं, सही घेतली. बोटांचे ठसे घेतले आणि सीलबंद पाकिटातला बल्ब टेबलावर ठेवला. मारहाण नाही, आवाज चढवणं नाही. त्याने पाकीट बोटाने माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "त्यात काय एवढं, साहेब? सगळेच एका लाईटवर चालवून राहिले."

हाच त्याचा कबुलीजबाब. ठशांचा अहवाल नंतर आला, तोही जुळला. आवारात घुसला कसा, तर पहाऱ्यावरच्या हवालदाराला म्हणाला, गाडीत जेवणाचा डबा राहिलाय. हवालदाराने सोडलं.

जीपचा फक्त डावा दिवा जळत असेल, तर समोरच्याला ती मोटारसायकल वाटते, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने येणारी. रस्त्याची कडा उखडलेली होती. गवंडी खड्डे चुकवत मध्ये आला, कारण त्याला तिथे जागा दिसली. त्या जागेत अर्धी जीप होती.

मयताचं नाव आरोपीच्या रकान्यातून निघालं, तिथे ड्रायव्हरचं आलं. त्या बाईला मी ठाण्यात बोलावून कागद दिला. तिने तो सावकाश वाचला आणि घडी घातली.

"ती जीप रोज सांजच्याला तुमच्या नाक्यावरून जात व्हती ना, साहेब?"

"हो."

दिवस मावळला होता. मी म्हणालो, थांबा, गाडीने घरी सोडतो. आमच्या चालकाने ठाण्याची जीप वळवून भिंतीसमोर आणली आणि दिवे लावले. भिंतीवर उजेडाचा एकच गोल पडला, डावीकडचा. उजवा बल्ब दसऱ्याआधीच गेला होता. मागणीपत्र जिल्ह्याला पाठवलं होतं.

तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न्हाई साहेब. मला एसटी हाय." आणि चालू लागली.

या केसने मला काय शिकवलं? बल्ब बदलायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं कोणाकडेच नसतात. ड्रायव्हरकडे नव्हती, नाक्यावरच्या आमच्याकडे नव्हती, माझ्याकडे तर नव्हतीच. त्यात एक माणूस गेला आणि वर आम्ही त्यालाच आरोपी केलं. आता मी बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटतो. त्यात एकच गोष्ट लिहिलीय: संध्याकाळी निघण्याआधी गाडी भिंतीसमोर उभी करा, दिवे लावा, दोन गोल मोजा. लोक पत्रक घेतात. ओळखीचे 'बराबर हाय साहेब' म्हणतात, घडी घालून खिशात ठेवतात. मग गाडी सुरू करतात, आणि एका दिव्यावर निघून जातात.