उन्हात नेलेली तुळस

वनस्पतीशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली, पण पानांवरच्या छिद्रांचा धडा आला की माझं डोकं फिरायचं आणि पोरांना उगाच बोलणी बसायची. त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नसायचा. मला आमची तुळस आठवायची, आणि तिच्यापायी सुटलेलं अप्पांचं घर.

अप्पा म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर होते. तीस सालाच्या आसपास आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत भाड्यानं राहायचो. दोन्ही बाजूंना विणकरांची दुमजली घरं, दिवसभर मागांची खटखट, आणि मधे परातीएवढं आमचं अंगण. भर दुपारी भिंतीवरून ऊन जरा खाली उतरायचं आणि लगेच माघारी जायचं. तिथंच कुंडीत तुळस वाढली होती. पानं मोठी, पातळ, पोपटी. आईला तिचा कोण अभिमान! अप्पांना मात्र वर्तमानपत्र वाचायलाही दारात उभं राहावं लागे. शेवटी पोटाला चिमटा घेऊन त्यांनी स्टेशनापलीकडच्या माळावर घर बांधलं. खिडक्या एवढ्या मोठ्या, की सुतार म्हणाला, "मास्तर, लई ऊन येतंय की हितं."

"येऊ दे की. त्याच्यासाठीच तर बांधलंय," अप्पा म्हणाले. इतके खुशीत मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

अक्षय्य तृतीयेला आम्ही राहायला गेलो. आधी तुळस आत न्यायची, मग माणसांनी शिरायचं, ही आमच्याकडची रीत. मुळांना धक्का नको म्हणून आईनं ती कुंडीसकटच नव्या वृंदावनात बसवली. सोलापुरातलं वैशाखाचं ऊन, आणि वर आडोसा कसलाच नाही. आठवडाभरात पानं पांढुरकी पडली, करपली आणि गळायला लागली. आई सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची, हात जोडायची. एका दुपारी अप्पांनी आपली शाळेची छत्री उघडून कुंडीवर बांधली. आईनं पाहिलं मात्र, तशीच धावत जाऊन तिनं ती सोडली.

"अहो, तुळशीवर काळी छत्री? काही शुभ-अशुभ बघाल की नाही?"

अप्पांनी छत्री मिटून खुंटीला लावली.

माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला येणार होती. आईची स्वतःची दोन मुलं पाळण्यातच गेलेली, त्यामुळं तिच्या भीतीला मला आजही हसता येत नाही. तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्या तेव्हा ती म्हणाली, "हिला ही जागा मानवली नाही. माझी लेक मी इथं आणायची नाही." अप्पांनी खूप समजूत घातली आणि मग निमूटपणे बैलगाडी सांगितली. जुनी जागा अजून रिकामीच होती. वठलेली तुळस माळावरच राहिली. नव्या घरात रेल्वेतले एक बाबू बिऱ्हाड घेऊन आले. बहीण सुखरूप सुटली, आणि विषय मिटला.

पावसाळा सरताना अप्पा तिकडं सहज डोकावून आले. तुळस फुटली होती. पानं लहान, जाड, काळपट हिरवी. "एकदा बघून तरी ये," ते आईला म्हणाले. ती गेली नाही.

पुढं कॉलेजात मी सूक्ष्मदर्शकाखाली एकाच झाडाची दोन पानं पाहिली, एक सावलीतलं आणि एक उन्हातलं. उन्हातल्या पानावर छिद्रांची दाटी होती, सावलीतल्यावर ती विरळ. या छिद्रांतूनच पान हवा घेतं आणि पाण्याची वाफ सोडून उन्हातही गार राहतं. झाडाला उजेड किती मिळतो त्यावर, पान कोवळं असतानाच, ती किती असायची ते ठरतं. पान पुरतं वाढलं की त्यात बदल होत नाही. म्हणजे आमची तुळस रुसली नव्हती! तिची पानं त्या अंधाऱ्या अंगणाच्या बेताची होती, आणि माळावरच्या उन्हासाठी तिला नवी पानं काढायला हवी होती. ती छत्री थोडे दिवस राहिली असती तरी निभावलं असतं.

सुट्टीत मी हे सगळं अप्पांना सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "आईला सांगू नकोस. तिनं पोरीसाठी केलं." मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

काही वर्षांनी, त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात, त्यांची छाती भरली. यांना उन्हात बसवत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईनंच विचारलं, "तिकडं राहायला जायचं का हो?"

"अगं, एवढ्या थंडीत त्या बाबूंनी पोरंबाळं घेऊन कुठं जायचं?" अप्पा म्हणाले.

मग रोज सकाळी मी त्यांना धरून गल्लीच्या तोंडाशी न्यायचो आणि रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसवायचो. येणारे-जाणारे थांबायचे. "काय मास्तर, हितं कुटं बसलाय?"

"काही नाही, जरा ऊन खातोय," अप्पा म्हणायचे.

आई दारातून त्यांच्याकडं बघत राहायची. त्यांनी वळून पाहिलं की आत निघून जायची.